१५ इंचांचं चित्र आणि ३०० खुर्च्या

चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत, गात गात गोष्ट सांगण्याची लोककला. तिच्या पोथीतलं एक चित्र साधारण १२ बाय १५ इंचांचं असतं. आमच्या सभागृहात ३०० खुर्च्या होत्या. निमंत्रण धाडताना हे दोन्ही आकडे मला माहीत होते, पण ते शेजारी शेजारी मांडून पाहावेत असं काही सुचलं नाही. त्यापायी दोन दिवसांत जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे. लोककलावंतांना मोठ्या प्रेमाने बोलावणाऱ्या मंडळांकडून हीच चूक होताना मी बऱ्याचदा पाहिली आहे, आणि या वेळी ती माझ्याच हातून झाली.

महोत्सव पुण्यातला, दोन दिवसांचा, फक्त गोष्ट सांगण्याचा. अभिवाचन होतं, मुलांसाठी गोष्टी होत्या, आजी-आजोबांनी सांगितलेल्या आठवणी होत्या. लोककथनाचं सत्र माझ्याकडे होतं. त्यासाठी दोन संच बोलावले होते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीहून चित्रकथीचा तिघांचा संच आणि मराठवाड्यातून गोंधळ्यांचा पाच जणांचा. दोघांनाही पहिल्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकी ४५ मिनिटं, त्याच रंगमंचावर, पाठोपाठ. चित्रकथीचा प्रयोग दुसऱ्या दिवशीही एकदा ठेवला होता. पत्रिकेवर हे सगळं फार छान दिसत होतं.

पोथी म्हणजे काय

पिंगुळी कुडाळच्या जवळ आहे. तिथल्या गुढीपूर वस्तीतल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. कोणत्या गावच्या देवळात कोणत्या घराण्याने कथा लावायची हे ठरलेलं असे, आणि नवरात्र हा त्यांचा मोठा हंगाम. परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्यात या कलांचं संग्रहालय उभं केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पिंगुळीचं नाव घाटावरच्या घराघरांत पोचलं. परंपरा मात्र फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख येतो.

आम्हा पुणेकरांना चित्रकथी ठाऊक असते ती बहुधा चित्र म्हणून. राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या संग्रहात पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी चित्रं आहेत. मोठाले डोळे, एका बाजूने काढलेले चेहरे, धनुष्य ताणलेले वीर. ही चित्रं चौकटीत लावली की देखणी दिसतात, आणि हल्ली लोक दिवाणखान्यात तशी लावतातही. पण ती काढली गेली हातात धरून सांगण्यासाठी. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यामुळे एक पान उलटलं की मागचं चित्र समोर येतं. आधी गणपती, मग सरस्वती, मग कथा. मुख्य कथेकरी वीणा छेडत गातो आणि गाता गाता बोलू लागतो. एकाच्या हाती हुडुक, म्हणजे डमरूसारखं वाद्य, दुसऱ्याच्या हाती टाळ. चित्र फार जीर्ण झालं तर ते फेकत नाहीत, पाण्यात सोडतात.

या सगळ्यात एक गोष्ट मी पुरेशी लक्षात घेतली नव्हती. पान कधी उलटायचं हे कथेकरी ठरवतो. त्याची सगळी नाट्यकला त्या एका हालचालीत आहे.

पहिली संध्याकाळ

दुपारी तालमीच्या वेळी मी सहाव्या रांगेत जाऊन बसले आणि माझ्या पोटात गोळा आला. चित्रातला मारुती कोणता आणि राम कोणता हे कळत नव्हतं. शेवटच्या रांगेपर्यंत अंतर ४० फूट. तिथून १५ इंचांचं चित्र किती दिसेल? हात लांब करून धरलेल्या टपाल तिकिटापेक्षाही लहान.

आमच्या तांत्रिक बाजू बघणाऱ्या मित्राने दहा मिनिटांत उपाय काढला. कॅमेरा पोथीवर लावायचा आणि मागे मोठ्या पडद्यावर चित्र दाखवायचं. मला हायसं वाटलं. कथेकरी काकांना सांगितलं, “काका, मागे पडदा लावतोय, सगळ्यांना चित्र मोठं दिसेल.” त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “बरां.” ते रात्रभर बसने प्रवास करून आले होते आणि पाहुणे होते. त्या ‘बरां’मध्ये होकार किती आणि भिडस्तपणा किती, हे विचारायला मी थांबले नाही.

कथा अहिरावण-महिरावणाची लावली होती. राम-लक्ष्मणांना देवीला बळी देण्यासाठी पाताळात पळवून नेलेलं, मारुती शोधत गेलेला. युद्ध सुरू होतं आणि एक विचित्र गोष्ट घडते. मारलेले राक्षस पुन्हा उठतात. कितीही मारा, उठतातच. कथेकरी इथे थांबतो, लोकांकडे बघतो आणि विचारतो, “इतके मारले, तरी मरत कित्याक नाय?” उत्तर त्याच चित्रात असतं. वरच्या कोपऱ्यात चार-पाच काळे ठिपके आहेत, बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. ते भुंगे आहेत. ते अमृताचे थेंब आणून मेलेल्यांवर शिंपडतात. हे गुपित पुढे पाताळातली चंद्रसेना मारुतीला सांगते. तेव्हा काका दोन पानं मागे जातात, युद्धाचं तेच चित्र पुन्हा उघडतात आणि ठिपक्यांवर बोट ठेवतात. म्हणजे उत्तर इतका वेळ आपल्या डोळ्यांसमोर होतं! दुपारच्या तालमीत मी हे जवळून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

संध्याकाळी युद्धाचं चित्र पडद्यावर आलं. कॅमेऱ्यावरचा मुलगा होतकरू, सुंदर गोष्टींवर नजर जाणारा. त्याला कोपऱ्यातले भुंगे आवडले आणि त्याने कॅमेरा त्यांच्यावर नेला. पडद्यावर आठ-आठ फुटांचे काळेभोर भुंगे. प्रेक्षकांतून “अरे वा!” असा आवाज आला. काकांना मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्यांनी नेहमीसारखा प्रश्न टाकला, “मरत कित्याक नाय?” आणि तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाने ओरडून सांगितलं, “भुंगे!”

काका क्षणभर गप्प झाले. मग हुडुकवाल्याने लय सावरली आणि कथा पुढे गेली. पण पुढे चंद्रसेनेच्या मुखाने गुपित उघडलं तेव्हा सभागृह थंड होतं. मागे जाऊन चित्र पुन्हा उघडण्याची ती जागा त्यांनी गाळलीच.

बारीकसारीक गोष्टी आणखीही होत्या. पडद्यावरचं चित्र किंचित उशिरा येत होतं, त्यामुळे हुडुकाची थाप आणि उलटणारं पान यांची सांगड तुटत होती. टाळ ध्वनिक्षेपकात इतका तीक्ष्ण आला की वीणा त्यात बुडाली. आणि सगळ्यांची मान वर, पडद्याकडे. काका समोर बसून गात होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे कोणीच बघत नव्हतं. टाळ्या मात्र भरपूर पडल्या. समितीतले बहुतेक जण खूश होते.

दिवटी

त्यानंतर गोंधळ होता आणि तिथे वेगळीच अडचण उभी राहिली. रंगमंचावर ज्योत लावता येणार नाही, असं सभागृहाच्या व्यवस्थापकांनी सांगितलं. पडदे, लाकडी जमीन, आगीचे नियम. त्यांचं चूक नव्हतं. मी गोंधळ्यांच्या नाईकांना विचारलं, “दिवटी नुसती हातात धरली, पेटवली नाही, तर चालेल का?”

ते अगदी शांतपणे म्हणाले, “दिवटी इझवून गोंधळ होत नसतो, ताई. आम्ही गाणी म्हणतो की, पाहिजे तेवढी म्हणतो. पण मग पत्रिकेवर गोंधळ लिहू नका.”

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आहे. कोणताही हट्ट नव्हता, तक्रार नव्हती. कार्यक्रम करायला ते तयार होते. फक्त जे नाही त्याला ते नाव द्यायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. गोंधळ हा घरच्या मंगलकार्यानंतरचा कुळाचार. चौक भरायचा, घट मांडायचा, दिवटी पाजळायची, मग तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, कोल्हापूरच्या अंबाबाईला, जेजुरीच्या खंडोबाला एकेक करून “गोंधळा ये” म्हणून बोलवायचं. दिवटी ही देवीची खूण आहे. ज्यांना बोलावलं त्यांच्यासाठी दिवाच लावला नाही, तर बोलावण्याला अर्थ काय राहिला?

सभागृहाला मागे फरसबंद अंगण होतं. व्यवस्थापकांनी तिथे दिवटीला परवानगी दिली, पाण्याच्या दोन बादल्या ठेवायच्या अटीवर. रात्री साडेआठला आम्ही लोकांना खुर्च्यांवरून उठवून अंगणात आणलं. शंभरेक जण तेवढ्यात घरी गेले. उरलेले उभे राहिले, काही पायऱ्यांवर बसले.

संबळ वाजला आणि पहिल्याच घायीला सगळं अंगण जागं झालं. ध्वनिक्षेपक लावलाच नव्हता. संबळाला तो कधी लागलाच नाही, ते वाद्य उघड्यावर वाजण्यासाठीच घडलं आहे. नाईकांनी देवतांना हाका मारायला सुरुवात केली तशा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी हात जोडले आणि आपल्या कुलदेवीचं नाव आल्यावर त्या मोठ्याने “उदो!” म्हणाल्या. मग दुसरीकडून, तिसरीकडून. ४५ मिनिटांचा कार्यक्रम सव्वा तास चालला आणि थांबवायला कोणी घड्याळ दाखवलं नाही. अंगणाच्या कडेला चित्रकथीचे काका बसून हे सगळं बघत होते.

रात्री जेवताना

पानावर बसल्यावर मी काकांना विचारलं, आज कसं वाटलं? त्यांनी आधी भाजी चांगली झाल्याचं सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, “चित्र मोठां झालां, बाय. पण तां माझ्या हातात नाय ऱ्हवलां.”

थोड्या वेळाने, “मी सांगूच्या आधीच भुंगो लोकांनी बघलो.”

एवढंच. पण त्यात सगळं आलं. आम्ही अंतराचा प्रश्न सोडवला होता आणि तो सोडवताना पान उलटण्याचा त्यांचा अधिकार कॅमेऱ्याच्या हाती दिला होता. काय कधी दिसावं हे ज्याच्या हाती, गोष्ट त्याची. त्या संध्याकाळी गोष्ट कॅमेऱ्यामागच्या त्या मुलाची झाली होती, आणि त्याला बिचाऱ्याला गोष्ट माहीत नव्हती.

मी विचारलं, “उद्या अंगणात बसूया का?” ते लगेच म्हणाले, “बसूया.” या वेळी ‘बरां’ नव्हतं.

दुसरा दिवस

सकाळी आम्ही दोरी घेऊन अंगण मोजलं. काकांनी पोथी फळीला टेकवून ठेवली, मी मागे मागे जात राहिले आणि मारुतीचे डोळे दिसेनासे झाले तिथे खडूने खूण केली. १२ फूट. तिथून चित्र हात लांब करून धरलेल्या पत्त्याएवढं दिसतं. सतरंज्या अर्धवर्तुळात अंथरल्या तर ६० माणसं त्यात मांडी घालून बसतात, मुलं पुढे असतील तर थोडी जास्त.

माझ्या डोक्यात आणखी एक कल्पना होती. राजस्थानात पाबूजीची फड, म्हणजे त्या लोकदेवाची कथा रंगवलेलं कापड, समोर लावून गातात तेव्हा भोपा, म्हणजे गाणारा पुजारी, रावणहत्था वाजवत गातो आणि त्याची बायको भोपी हातात दिवा घेऊन, ज्या प्रसंगाचं गाणं चाललंय तेवढ्याच भागावर उजेड धरते. फड बरीच लांब, अंधारात तिचा तेवढाच तुकडा उजळतो. मी मोठ्या उत्साहाने काकांना म्हटलं की आपणही कोणाच्या तरी हाती दिवा देऊया. त्यांनी मला समजावलं, “दिवो कित्याक फिरवूक होयो? बोट आसा मां.” खरंच होतं. फड आणि पोथी वेगळ्या आहेत. एकीत सगळी कथा एकाच कापडावर असते, म्हणून उजेडाने ती वेचावी लागते. पोथीत ते काम पान करतं. आदल्या दिवशीच्या चुकीतून शहाणी झाल्याच्या भरात मी दुसरी चूक करायला निघाले होते. शेवटी एक समई आणि वर टांगलेला एक पिवळा दिवा, एवढंच ठेवलं.

एका बैठकीत ६० म्हणजे दोन बैठकींत १२०. दोन बैठका म्हणजे दोन प्रयोग. समितीत यावर बरीच घासाघीस झाली. संच तोच, दिवस तोच, मग दुसऱ्या बैठकीचे वेगळे पैसे कशाला, असा एक सूर होता. मी ताणून धरलं. गळा दोनदा लागणार, पोथी दोनदा उघडणार, तर मानधनही दोनदा. रंगमंचावरची फुलांची सजावट आणि पाहुण्यांची स्मृतिचिन्हं रद्द करून ते पैसे उभे केले. हे आधी ठरलेलं असतं तर वाद झाला नसता. दोष नियोजनाचा, म्हणजे माझा.

संध्याकाळी पहिली बैठक लागली. गणपती, सरस्वती, मग कथा. युद्धाचं चित्र आलं. “इतके मारले, तरी मरत कित्याक नाय?” मुलं पुढे सरकली. एक म्हणाला राक्षस जादू करतात. एका मुलीचं म्हणणं, मारुती दमलाय. काका प्रत्येकाला मान डोलावून दाद देत होते, “तसां आसात, तसांय आसात.” चंद्रसेना आली, तिने गुपित सांगितलं. काकांनी दोन पानं मागे घेतली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

पुढच्या ओळीतून जो आवाज आला त्याला मला शब्द सापडत नाही. मारुती दमलाय म्हणणारी ती मुलगी गुडघ्यांवर उभी राहिली आणि तिने स्वतः बोट पुढे करून ठिपके मोजले. काकांनी पोथी थोडी तिच्याकडे कलती केली. हुडुक तोवर थांबून होता.

मी तिथे उभी राहून रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

जे सुटलं नाही

आदल्या दिवशी चित्रकथी ३०० जणांसमोर झाली, दुसऱ्या दिवशी १२० जणांसमोर. साताऱ्याहून एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या बैठकीची जागा भरली होती आणि आईंना खाली बसता येत नव्हतं. त्या परत गेल्या. आईंसाठी कडेला एक खुर्ची ठेवायला हवी होती, पण हे मला त्या फाटकाबाहेर पडल्यावर सुचलं.

माझ्या तांत्रिक मित्राचं म्हणणंही मला खोडता येत नाही. तो म्हणतो, १२ फुटांच्या वर्तुळात किती माणसं येणार? या कलेला ओळख हवी, मागणी हवी, पुढच्या पिढीतल्या पोरांना पोथी हाती धरावीशी वाटायला हवी. ६० जणांपुढे ते कसं होणार? म्हणून दुसऱ्या बैठकीला जागा न मिळालेल्यांसाठी आम्ही आत पडदा लावून पाहिला. या वेळी कॅमेरा एका जागी स्थिर. चौकटीत काका, पोथी आणि त्यांचं बोट, तिन्ही एकत्र दिसतील असा. जवळ जायचं नाही, हलायचं नाही. चौकट कशी असावी हे काकांनी स्वतः पडद्यासमोर येऊन ठरवलं. आत साधारण ४० जण बसले. पाव तासात त्यातले निम्मे उठून गेले. उरले त्यांनी भुंग्यांच्या जागेला टाळ्या वाजवल्या. आदल्या दिवसापेक्षा बरं, अंगणापेक्षा कितीतरी कमी. पडदा ठेवायचाच असेल तर असा ठेवावा, असं माझं आजचं मत आहे, पण एकाच बैठकीवरून बनलेलं.

पुढच्या वर्षीच्या निमंत्रणासोबत जाणारा कागद मी नव्याने लिहिला आहे. पूर्वी त्यात आम्ही किती मिनिटं, किती माणसं, किती खोल्या हे विचारत असू. आता पहिला प्रश्न असा आहे की शेवटचा माणूस किती लांब बसलेला चालेल. मग जमिनीवर की खुर्चीवर, ज्योत लागते का, ध्वनिक्षेपक हवा का नको, कथा किती वेळात पुरी होते, आणि मध्ये कोणी बोललं तर चालतं का. हा कागद मी आधी काकांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक प्रश्न वाढवायला सांगितला, तो आता यादीत शेवटी आहे: आदल्या दिवशी कलावंतांना झोपायला मिळेल ना?

त्यामुळे पुढच्या वर्षी पिंगुळीचा संच एक दिवस आधी येणार आहे. तीन संध्याकाळी, रोज एक बैठक, अंगणात. भिंतीकडेला दहा खुर्च्या वेगळ्या ठेवल्या आहेत.